विहीर ४२ फूट झाली. रिंग टाकण्याआधी थर वाचायला मदत हवी

माळवाट | ११ मे, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी.

आमची शेती पुरंदर तालुक्यात, माळाला लागून. यंदा जुन्या विहिरीच्या वरच्या अंगाला नवी विहीर घेतली. ४२ फूट झाल्यावर काम थांबवलंय, कारण दोन आठवड्यांत सिमेंटची रिंग टाकायची आहे. एकदा रिंग पडली की आतला दगड कायमचा झाकला जाणार. म्हणून काल यारीच्या पाळण्यात बसून, टेप घेऊन, वरपासून तळापर्यंत सगळं बघून आलो. जे दिसलं ते लिहितो.

वरची दोन फूट काळी माती. मग १३ फुटांपर्यंत मुरूम. त्या मुरमात मोठमोठे गोल धोंडे आहेत, कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे. हाताने सोलले तर आत घट्ट काळा गाभा निघतो. १३ ते ३१ फूट सलग काळा फत्तर, इथेच सगळे सुरुंग खर्ची पडले. या फत्तराच्या अगदी बुडाशी बोटाएवढ्या उभ्या नळ्या आहेत, बऱ्याचशा पांढऱ्याने भरलेल्या. मग ३१ फुटांवर दीड फूट जाडीची लालभडक पट्टी, विटेच्या रंगाची, ओली झाली की हाताला गेरूसारखी लागते. तिच्याखाली तळापर्यंत जाळीदार दगड, भोकं-भोकं असलेला. त्या भोकांत पांढरे, काही ठिकाणी फिकट गुलाबी स्फटिक. पाण्याचा पाझर बरोबर लाल पट्टीच्या वर आहे, चारही बाजूंनी.

प्रश्न असे: दोन दगडांच्या मध्ये ही लाल माती आली कुठून? स्फटिक कसले? आणि रिंग टाकताना या पाझराचं काय करायचं? वडील म्हणतात, गेरूच्या वरचं पाणी जपा. ते का, हे त्यांना सांगता येत नाही, पण आजोबाही असंच म्हणायचे.

---

प्रस्तर_६२ | ११ मे, सकाळी १०:०५

माळवाट, तुम्ही फार मोलाचं काम केलंत. मी ३१ वर्षं भूविज्ञान शिकवलं, पण रिंग टाकण्याआधी टेप घेऊन विहिरीत उतरलेला शेतकरी मला क्वचितच भेटला. तुमच्या वर्णनावरून चित्र स्पष्ट आहे. तुमच्या ४२ फुटांत दोन वेगवेगळे लाव्हाप्रवाह आहेत आणि त्यांच्यामधला थांबलेला काळ आहे. थांबलेला काळ म्हणजेच ती लाल पट्टी.

खालून वर वाचा. आधी तळातला जाळीदार दगड. लाव्हा पसरला तेव्हा त्यात वायू विरघळलेले होते, सोड्याच्या बाटलीत असतात तसे. ते बुडबुडे वर चढले आणि वरचा भाग थंड होताना तिथेच अडकले. म्हणून प्रवाहाचा माथा जाळीदार असतो. मग बराच काळ नवा लाव्हा आला नाही. ऊन, पाऊस आणि हवेने त्या माथ्याची झीज झाली, माती झाली, तिच्यातल्या लोखंडाला गंज चढून ती लाल झाली. त्यावर पुढचा प्रवाह आला. सुमारे ११०० अंश सेल्सिअसचा तो रस मातीवर पसरला आणि माती भाजून निघाली. तुम्ही विटेचा रंग म्हणालात, ते शब्दशः खरं आहे. तुमचा १८ फुटांचा काळा फत्तर म्हणजे या वरच्या प्रवाहाचा पोटाचा भाग. तिथून बुडबुडे निसटून गेले, म्हणून तो घट्ट. आणि बुडाच्या नळ्या? ओलसर जमिनीवर लाव्हा आला की खालून वाफ आणि वायू वर सुटतात आणि दगड घट्ट होताना त्यांच्या वाटा तशाच राहतात. त्या नळ्या कुठल्या दिशेला कललेल्या आहेत का, हे नक्की बघा. मी त्याबद्दल नंतर लिहीन.

मुरमातले गोल धोंडे हा त्याच वरच्या प्रवाहाचा कुजलेला भाग. दगडाला आधी चौकोनी भेगा पडतात, पाणी भेगांतून शिरतं, कोपऱ्यांवर दोन-तीन बाजूंनी मारा होतो म्हणून कोपरे आधी झिजतात. चौकोनाचा गोल होतो.

स्फटिकांबद्दल: नुसत्या वर्णनावरून सांगणं मला पटत नाही. तुम्हीच तपासा. नखाने ओरखडा उठतो का, चाकूच्या टोकाने उठतो का, आणि त्या स्फटिकाने काचेवर ओरखडा उठतो का? मग थोडासा चुरा करून त्यावर लिंबू पिळा आणि फेस येतो का ते बघा. चार ओळीत उत्तर द्या.

---

यारीचा_पोरगा | ११ मे, दुपारी १:३०

आमचा धंदाच विहिरींचा. वडील ४० वर्षं करतात, मी १५. पुस्तकातली नावं मला माहीत नाहीत, पण त्या जाळीच्या दगडाला आमच्याकडे मांजऱ्या म्हणतात. मांजऱ्या लागला की मजूर खूश, कारण पहार चालते. पण पाणी देईलच असं नाही. भोकं मोकळी आणि एकमेकांना जोडलेली असतील तर देतो; पांढऱ्याने भरलेली असतील तर कोरडा.

काळ्या फत्तरात पाणी नसतं, त्याच्या चिरांत असतं. चीर सापडली तर नशीब.

एक महत्त्वाचं. गेरूची पट्टी भिजली की फुगते आणि सुटते. रिंग न करता सोडलेल्या विहिरीत पहिल्यांदा तीच ढासळते, मग वरचा फत्तर लोंबकळतो आणि एक दिवस खाली येतो. म्हणून तिथे आधार पाहिजेच. पण लोक काय करतात, पाझरासकट सगळं सिमेंटनं बंद करतात आणि मग बोंब मारतात की विहीर आटली. दादा, ३१ फुटांच्या वर, पाझराच्या ओळीत, दर दोन फुटांवर पाइपाचे तुकडे ठेवून रिंग ओता आणि मागे खडी भरा. पट्टीवर मात्र भोक ठेवू नका, माती वाहून येईल.

---

प्रस्तर_६२ | ११ मे, दुपारी २:१०

यारीचा_पोरगा, तुमच्या शब्दाला माझी पूर्ण सहमती. वडिलांच्या आणि आजोबांच्या सांगण्यामागचं कारणही हेच. वरून मुरलेलं पाणी मुरमातून आणि चिरांतून खाली येतं, चिकण लाल थरावर अडतं आणि आडवं वाहू लागतं. सह्याद्रीच्या कड्यांवरून पावसाळ्यात एकाच उंचीवर ओळीने झरे दिसतात. त्यातले कितीतरी अशा थरांवरचे असतात.

---

सड्यावरची | ११ मे, रात्री ९:१५

वाचताना मजा आली, पण आमच्या राजापूरकडे यातलं काहीच जुळत नाही! आमच्याकडे विहीर म्हणजे आधी जांभा, मग आणखी जांभा, मग पांढरट-गुलाबी चिकण माती, आणि कुठेतरी खूप खाली काळा दगड. पाऊस एवढा की छत्री सुकत नाही, आणि मार्चपासून टँकर. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट माळावर, घर असलेल्या माणसाला हे कोडं लहानपणापासून छळतं.

---

प्रस्तर_६२ | १२ मे, सकाळी ८:३०

सड्यावरची ताई, तुमचा जांभा हा माळवाटांच्या काळ्या दगडाचाच वंशज आहे. कोकणात पाऊस आणि उष्णता इतकी, की हजारो-लाखो वर्षांत बेसाल्टमधलं, म्हणजे त्या काळ्या दगडातलं, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि बरीचशी सिलिका धुऊन गेली. मागे राहिलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. लोखंडामुळे रंग, ॲल्युमिनियम जिथे फार साठलं तिथे बॉक्साइट. खाणीत चिरा ओला असताना फरशी-कुऱ्हाडीने कापता येतो आणि उन्हात ठेवला की घट्ट होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन यांनी मलबारात हाच गुण पाहून विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट नाव दिलं.

पाण्याचं कोडंही त्याच दगडात आहे. जांभा आरपार सच्छिद्र, पाणी थांबतच नाही. खालच्या चिकण मातीपर्यंत जातं आणि सड्याच्या काठाला, वाडीच्या वरच्या अंगाला झरा होऊन बाहेर पडतं. सडा कोरडा आणि पायथ्याची बाग हिरवी. म्हणूनच जुन्या वाड्या सड्यावर नव्हे, उतारावर वसलेल्या दिसतात.

---

सड्यावरची | १२ मे, सकाळी ९:००

आमची आजी म्हणायची, सड्याचं पाणी खालच्यांचं. आज अर्थ लागला. त्याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत, हत्ती, मासे, माणसं. ज्यांनी ती कोरली त्यांनाही हा दगड कधी कापायचा ते ठाऊक असणार.

---

माळवाट | १२ मे, संध्याकाळी ६:५०

सर, तपासणी केली. माझी नववीतली मुलगी बरोबर होती, नोंद तिनेच ठेवली.

पहिला, मोत्यासारखी चमक, गुलाबीसर, जुडीसारखा मध्ये बांधलेला आणि टोकांना फुललेला: नखाने ओरखडा नाही, चाकूने उठतो, काचेवर नाही, लिंबाने काही नाही. दुसरा, तिरक्या चौकोनांत फुटणारा, पारदर्शक: नखाने नाही, चाकूने सहज, लिंबाने चुऱ्यावर बारीक फेस. तिसरा एकच तुकडा, पांढरा, टणक: चाकू घसरला, काचेवर स्पष्ट रेघ.

आणि एक गोष्ट मुलीने स्वतःहून केली. पहिल्या प्रकारचा तुकडा चिमट्यात धरून गॅसवर तापवला. तो फुलला आणि पापुद्रे सुटले!

---

प्रस्तर_६२ | १२ मे, रात्री ८:२०

मुलीला माझा नमस्कार सांगा. तिने २७० वर्षांपूर्वीचा प्रयोग केलाय. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी असाच एक दगड तापवला, त्यातून वाफ सुटून तो उकळल्यासारखा फुलला. त्यांनी ग्रीक शब्द जोडून नाव ठेवलं झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड. या खनिजांच्या जाळीत पाण्याचे रेणू बसलेले असतात. उष्णता दिली की ते बाहेर पडतात. (पुढच्या वेळी डोळ्यांना चष्मा आणि अंतर, दोन्ही हवं. तुकडे उडतात.)

तुमचा पहिला बहुतेक स्टिल्बाइट, झिओलाइट घराण्यातला. दुसरा कॅल्साइट. तिसरा क्वार्ट्ज, म्हणजे आपली गारगोटी. तिन्ही लाव्हाबरोबर आलेले नाहीत, हे लक्षात घ्या. लाव्हा थिजल्यावर, पुष्कळ नंतर, गरम पाणी दगडातून फिरलं, त्याने दगडातली द्रव्यं विरघळवली आणि रिकाम्या भोकांत एकेक थर करून ठेवली. दगड वेगळा, खनिज वेगळं, हा फरक मुलांना पाठ करून कळत नाही. या एका भोकात कळतो: दगड हे घर, खनिजं ही त्यातली माणसं. खुद्द तुमचा काळा दगडही खनिजांचाच, मुख्यतः प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सीनचा. फक्त लाव्हा झपाट्याने थंड झाला म्हणून त्यांचे कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत असंच एक गडद निळं खनिज मिळतं, कॅव्हनसाइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांची आद्याक्षरं जोडून ते नाव झालं. जगभरच्या संग्रहालयांत त्याचे वाघोलीचे नमुने मांडलेले आहेत. पाषाणच्या टेकडीचं हिरवं अपोफिलाइटही तसंच नावाजलेलं. आणि पुण्यात राहणाऱ्या कितींना हे माहीत आहे!

---

वैनगंगाकाठ | १३ मे, सकाळी ११:४५

धागा सुंदर चाललाय, पण एक तक्रार मनापासून मांडतो. शाळेपासून ऐकतोय, महाराष्ट्र म्हणजे काळा कातळ. आम्ही भंडाऱ्याचे. आमच्याकडे काळा कातळ नाहीच. नागपुरात सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची आहे. तिथून उत्तर-पूर्वेला तासाभरावर रामटेक, तिथला दगड पूर्ण वेगळा, अभ्रकाने चमकणारा, दाबाखाली रूप बदललेला. चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी ज्या दगडात आहेत तो मुळात समुद्रतळाचा गाळ होता. तो जमिनीखाली गेला, भाजला, घड्या पडल्या. तुमचा लाव्हा येण्याआधी कोट्यवधी वर्षं.

आणि चंद्रपूर-बल्लारपूरचा कोळसा? तिथे २५ ते २९ कोटी वर्षांपूर्वी दलदलीतली जंगलं होती. त्यातल्या ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाच्या पानांचे ठसे भारतात, आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आणि चक्क अंटार्क्टिकात सापडतात. हे सगळे भूभाग एकत्र होते याचा हा पुरावा, आणि त्या एकत्र भूखंडाचं नाव गोंडवन. गोंडांच्या नावावरून. आमच्या मातीचं नाव अर्ध्या जगाला दिलंय आणि पाठ्यपुस्तकात आम्हाला चार ओळी.

---

प्रस्तर_६२ | १३ मे, दुपारी १२:३०

तक्रार मान्य. मीही माझ्या पहिल्या उत्तरात हा भेद सांगायला हवा होता. अग्निज, गाळाचे आणि रूपांतरित, तिन्ही जातींचे दगड एकाच प्रवासात बघायचे असतील तर महाराष्ट्रात विदर्भासारखा प्रदेश नाही. दक्षिण कोकणातही लाव्हा संपतो आणि सिंधुदुर्गात जुने दगड वर येतात.

नागपूरचा विषय निघालाय म्हणून सांगतो. माळवाटांच्या लाल पट्टीचीच भावंडं तिथे आहेत. १८५० च्या दशकात नागपुरात राहणाऱ्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यांनी सीताबर्डी आणि टाकळीच्या परिसरात दोन लाव्हांच्या मधल्या गाळातून गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, फळं, बिया आणि किड्यांचे अवशेष गोळा केले. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच थरात बेडकांचे सांगाडे सापडले. म्हणजे लाव्हा काही रोज वाहत नव्हता. मधल्या काळात तळी होती, बेडूक ओरडत होते, झाडं फळत होती.

---

खडूफळा | १३ मे, रात्री १०:००

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. सर, एकच अडचण. हा लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा म्हटलं काय आणि ६६० कोटी म्हटलं काय, मुलांच्या चेहऱ्यावर फरक पडत नाही. हे वय गळी कसं उतरवायचं?

---

प्रस्तर_६२ | १४ मे, सकाळी ६:५५

खडूफळा ताई, माळवाटांच्या तालुक्यातून ज्ञानोबांची पालखी जाते, म्हणून वारीच घेऊ. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. आळंदी ते पंढरपूर ढोबळमानाने सव्वादोनशे किलोमीटर धरा. एक किलोमीटर म्हणजे दोन कोटी वर्षं.

आळंदीला पृथ्वी जन्मली. गोव्याच्या अनमोड घाटातले ३३०-३४० कोटी वर्षांचे पट्टिताश्म (पट्टेदार रूपांतरित दगड) घडले तेव्हा पालखी सासवडच्या आसपास. पुढे जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, सगळी वाट जीवसृष्टी जवळजवळ डोळ्यांना न दिसणारी. कवचवाल्या प्राण्यांची गर्दी सुरू होते ती पंढरपूर २७ किलोमीटरवर असताना. चंद्रपूरचा कोळसा वाखरीच्या बराच अलीकडे. आपला सगळा सह्याद्री, अजिंठा-वेरूळचा कातळ, माळवाटांची विहीर, हे सगळं मंदिरापासून सव्वातीन किलोमीटरवर. आणि आधुनिक मानवाची तीन लाख वर्षं? शेवटची १५ मीटर. गाभाऱ्याच्या दारात.

वर्गात सव्वादोनशे मीटरची दोरी घेऊन मैदानात चाला. मग मानव दीड सेंटिमीटरवर येतो. मी स्वतः हे करून पाहिलंय, मुलं त्या दीड सेंटिमीटरभोवती गोळा होतात.

---

शंकासूर | १४ मे, सकाळी ९:२०

विनम्र प्रश्न. ६.६ कोटी हा आकडा आला कुठून? तेव्हा बघायला कोणी नव्हतं.

---

प्रस्तर_६२ | १४ मे, सकाळी ११:१०

प्रश्न योग्य आहे, विचारायलाच हवा. काही अणू स्वतःहून फुटतात आणि त्यांचा वेग बदलत नाही. पोटॅशियम-४० चं उदाहरण घ्या: १२५ कोटी वर्षांत निम्मं उरतं, आणि फुटलेल्यातला काही भाग आर्गॉन वायू होतो. वितळलेल्या लाव्हातून जुना आर्गॉन निसटून जातो, दगड थिजला की नवा आत अडकू लागतो. किती पोटॅशियम उरलं आणि किती आर्गॉन साठला हे मोजलं की घड्याळ वाचता येतं.

आता माळवाटांना आवडेल असं. दुसरं घड्याळ युरेनियम-शिशाचं, त्याला झिरकॉन नावाचं खनिज लागतं आणि बेसाल्टमध्ये ते सहसा नसतं. पण दोन प्रवाहांच्या मधल्या तांबड्या थरांत झिरकॉनचे सूक्ष्म कण सापडले, ज्वालामुखीच्या राखेबरोबर येऊन पडलेले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांच्यावरून दिसलं की दख्खनच्या लाव्हाचा मोठा भाग साडेसात लाख वर्षांच्या आसपास, म्हणजे भूशास्त्राच्या मानाने क्षणात, ओतला गेला. म्हणजे कालगणनेची किल्ली त्या गेरूच्या पट्टीतच होती. डायनासोर संपले त्याच सुमाराचं हे सगळं. मेक्सिकोत आदळलेल्या अशनीचा वाटा मोठा, आपल्या लाव्हातून निघालेल्या वायूंचा किती, यावर अजून वाद चालू आहे.

---

तेरणेकाठचा | १४ मे, रात्री ११:४०

मी फार लिहीत नाही. माझं गाव किल्लारीपासून जवळ. ३० सप्टेंबर १९९३ ला मी आठ वर्षांचा होतो. आमच्या घराच्या भिंती याच काळ्या दगडाच्या आणि मातीच्या, दोन-दोन हात जाड. मला दगड म्हटलं की ती पहाट आठवते.

नंतर मोठेपणी कळलं की तिथे शास्त्रज्ञांनी खोल बोअर घेतलं. सुमारे ३४० मीटरवर लाव्हा संपला आणि खाली जुना दगड लागला. कोयनेला तेच सुमारे ९३० मीटरवर. मला त्या आकड्याने विचित्र धीर आला. इतकी वर्षं वाटायचं की खाली काहीतरी अथांग, काळं आहे. त्याला तळ आहे, आणि तो मोजलाय. भूकंप त्या जुन्या दगडात झाला, आमच्या भिंतीच्या दगडाने नाही, हेही तेव्हा समजलं. माणसं मेली ती भिंती मातीने जोडलेल्या होत्या म्हणून.

---

प्रस्तर_६२ | १५ मे, सकाळी ७:०५

तेरणेकाठचा, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. यापुढे मी वर्गात तो ३४० मीटरचा आकडा सांगेन तेव्हा तुमची आठवण असेल.

---

माळवाट | २३ मे, संध्याकाळी ७:३०

परवा रिंग पडली. यारीचा_पोरगा यांनी सांगितल्याप्रमाणे पाझराच्या ओळीत पाइप ठेवले, मागे खडी भरली, गेरूच्या पट्टीला पूर्ण आधार दिला. सकाळपर्यंत तळाला गुडघाभर पाणी होतं, ऐन मेमध्ये. वडील काठावर बराच वेळ बसून होते.

सर, नळ्यांचं राहिलं होतं. रिंगच्या आदल्या दिवशी मी आणि मुलगी पुन्हा उतरलो. होकायंत्र आधी दगडाला टेकवलं तर काटा भलतीकडेच फिरला.

---

प्रस्तर_६२ | २३ मे, रात्री ८:००

बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, म्हणून. दोन-तीन फूट लांब धरायचं. कलली होती का नळ्यांची डोकी? लाव्हा ज्या दिशेला सरकत होता तिकडे ती झुकतात.

---

माळवाट | २३ मे, रात्री ८:२५

लांब धरूनच मोजलं मग. एकूण २३ नळ्या. सहा सरळ उभ्या. बाकी १७ पैकी १४ ची डोकी आग्नेयेकडे. आमचा ओढाही तिकडेच वाहतो. मुलीने वहीत विहिरीचा गोल काढून प्रत्येक नळीला बाण केलाय. उद्या उजेडात फोटो काढून इथे टाकतो.